झोपेची पट्टी

मिस्त्रींनी तीस वर्षांत एकाही मॅग्नेटोला हात लावला नव्हता, आणि हे अगदी शब्दशः खरं आहे. वर्कशॉपमधल्या लांब लाकडी टेबलावर जुन्या इंजिनांचे मॅग्नेटो येऊन पडत, कुणाचा पाय तुटलेला, कुणाचं झाकण चिरलेलं, आणि मिस्त्री टेबलापासून हातभर लांब, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत. तिथून ते लेकीला सगळं सांगत. आच किती हवी, कानस कुठून चालवायची, थांबायचं कधी. पण तिनं "बाबा, जरा धरता का?" म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "व्हाइस आहे की. माझ्यापेक्षा तो बरा धरतो."

मॅग्नेटो म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी चार ओळी खर्च करतो. जुन्या इंजिनांना बॅटरी नसायची. ठिणगी पाडायला एक डबा असे. त्यात घोड्याच्या नालेसारखं वाकवलेलं चुंबक, आणि चुंबकाच्या दोन पायांमध्ये फिरणारी तारेची गुंडाळी. इंजिन फिरलं की गुंडाळी फिरे, गुंडाळी फिरली की ठिणगी पडे. हा सगळा संसार ज्या ओतीव घरात बसवलेला असतो ते ॲल्युमिनियमचं किंवा पितळेचं. जुनं झालं की ते तडकतं, त्याचे पाय तुटतात, आणि नवं कुठे मिळत नाही, कारण बनवणारेच आता उरलेले नाहीत. मग लांबलांबहून लोक तुटकं घर फडक्यात गुंडाळून या बापलेकीकडे येत. लेकीला गिऱ्हाइकं सांधेबाई म्हणत. नाव तिला आवडायचं नाही, पण हाक मारली की ओ द्यायची.

मिस्त्री मात्र स्वतःला चावीवाले म्हणवून घेत. वर्कशॉपच्या दाराशी चाव्या कापायचं छोटं मशीन होतं, त्यामागे स्टूल, आणि स्टुलावर मिस्त्री. ज्या माणसानं एके काळी सात तुकडे झालेलं घर असं जोडलं होतं की मालकाला सांधा बोटानंही सापडेना, तो माणूस गोदरेजच्या कपाटांच्या चाव्या कापत बसला होता. याला कारण होतं पंपघराचं इंजिन.

नदीकाठच्या पंपघरातलं ते इंजिन पूर्वी सगळ्या वस्तीचं पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवायचं. तीस वर्षांपूर्वी एका सकाळी छताला टांगलेली जड साखळी निसटली आणि थेट मॅग्नेटोवर आदळली. घराचा एक पाय तुटला, आणि मॅग्नेटो ज्या ओतीव बैठकीवर बसतो तिचेही चार तुकडे झाले. मॅग्नेटो तेवढा मिस्त्रींकडे आला. त्यांनी पाय सांधला. टेबलावर ठेवून हातानं फिरवला तर अशी निळी, जाड ठिणगी पडली, की चहा घेऊन आलेली त्यांची बहीण दोन पावलं मागे सरली. मग मॅग्नेटो पंपघरात गेला, इंजिनावर बसला, आणि मुका झाला. काढून टेबलावर आणला की बोलायचा, इंजिनावर चढवला की मुका. चार वेळा नेला, चार वेळा आणला. आठ दिवस लोक पाण्यासाठी हंडे घेऊन उन्हात उभे होते. नवव्या दिवशी पाणीखात्यानं विजेच्या मोटारी आणून बसवल्या आणि इंजिनावर ताडपत्री टाकली.

पंपघराचा ऑपरेटर, ज्याला सगळे पंपकाका म्हणत, त्यानं तेव्हाच निकाल देऊन टाकला. "सांधा कच्चा आहे. टेबलावर निवांत असतो म्हणून चालतो. इंजिनावर हादरा बसला की उघडतो." हे ऐकणाऱ्याला पटण्यासारखं होतं. वाईट एवढंच झालं की ते मिस्त्रींनाही पटलं. चांगल्या कारागिराचा पहिला संशय स्वतःच्या हातावर असतो, आणि मिस्त्री फारच चांगले कारागीर होते. आपला हात गेला, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं, आणि पुढच्या महिन्यात दाराशी चाव्यांचं मशीन आलं.

लेक तेव्हा अठरा वर्षांची होती. ती हट्टानं शिकली. बाप सांगायचा, ती करायची. आता ती अठ्ठेचाळीसची आहे, आणि तिच्या हातच्या सांध्याला कुणी नावं ठेवावीत असं नाही. पण गिऱ्हाइकानं कौतुक केलं की तिला दाराशी स्टुलावर बसलेली पाठ दिसायची, आणि त्या कौतुकाची निम्मी चव जायची.

एका सोमवारी पंपकाका स्वतः एक खोकं घेऊन दारात उभा राहिला. निवृत्त झाला होता, तरी पंपघराची किल्ली अजून त्याच्याच कमरेला असायची, आणि दरवर्षी तो इंजिनाला चंदेरी रंगाचा हात मारायचा. चाव्यांच्या मशीनकडे त्यानं पाहिलं नाही, मिस्त्रींनीही मान वर केली नाही. दोघं तीस वर्षं असेच एकमेकांना चुकवत होते, एकाच रस्त्यावर राहून.

"पाणीखात्यात नवीन साहेबबाई आल्यात," तो लेकीला म्हणाला. "म्हणतात, इंजिन चालू झालं तर आहे तिथेच ठेवू, लोकांना चालवून दाखवू. नाही झालं तर रंगवून चौकात उभं करू, भोवती कारंजं. रविवारी सकाळी बघायला येणार आहेत."

"आणि हे काय?"

"मॅग्नेटो. साफसफाई करताना फळीवरून पडला. पाय तुटला." त्यानं घसा खाकरला. "परत."

तिनं खोकं टेबलावर रिकामं केलं आणि घर खिडकीच्या उजेडात धरलं. पाय तुटला होता खरा. पण तीस वर्षांपूर्वीचा सांधा होता तिथेच होता, अखंड. नवीन तड त्याच्या शेजारून, दोन बोटं अंतर सोडून गेली होती. बापाच्या हातचा सांधा ती आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून पाहत होती. ओतीव भागाच्या खडबडीत अंगासारखंच खडबडीत अंग त्यांनी सांध्यालाही दिलं होतं, मुद्दाम. तिला एकदम भरून आलं, आणि पंपकाका समोर असल्यामुळे रागही आला.

तो गेल्यावर ती घर घेऊन दाराशी गेली. "बाबा, बघा. फळीवरून फरशीवर पडलंय. नवीन जागी तुटलं, तुमच्या जागी नाही."

मिस्त्रींनी चावी कापणं थांबवलं नाही. "पडण्याचं वेगळं, हादऱ्याचं वेगळं."

"तुमचा सांधा उघडत नाही."

"उघडत नसता तर इंजिन चाललं असतं," ते म्हणाले. ती घर घेऊन टेबलाकडे परतली.

माडीवरून आत्यानं विचारलं, "कोण आलं होतं? पंपवाला का? चहा टाकू की पाणी टाकू अंगावर?" आत्या सत्तरीची होती, जिना उतरायला तिला त्रास व्हायचा, पण तिच्या जिभेला कधीच काही झालं नाही.

मंगळवारी लेकीनं काम सुरू केलं. आधी गुंडाळी काढली, मग चुंबक उतरवलं. चुंबक उतरवल्याबरोबर त्याच्या दोन्ही पायांवर आडवी एक लोखंडी पट्टी ठेवायची, हा या घरचा पहिला नियम. तिला मिस्त्री झोपेची पट्टी म्हणत. चुंबक मोकळं राहिलं तर त्याचा जोर हळूहळू वाऱ्यावर जातो. पट्टी ठेवली की जोराला सोपी वाट मिळते, या पायातून त्या पायात तो गुपचूप फिरत राहतो, बाहेर काही दाखवत नाही. चुंबक झोपतं. काम झालं की पट्टी काढायची, चुंबक जागं. आत्या म्हणायची, या घरात चुंबकाच्या झोपेची काळजी आहे, माणसाच्या नाही.

दुसरा नियम असा की त्या टेबलावर या पट्टीशिवाय लोखंडाचा खिळासुद्धा ठेवायचा नाही. टेबल लाकडी, पकडायचा व्हाइस लाकडी, खुंट्या लाकडी, चिमटा पितळी. तिसाव्या वर्षी एकदा तिनं टेबलाला लोखंडी कोपरे मारायचं म्हटलं होतं, तर मिस्त्री दोन दिवस बोलले नव्हते.

जुनं ॲल्युमिनियम तेल पितं. वर्षानुवर्षं प्यालेलं तेल काढल्याशिवाय सांधा लागत नाही, आत बुडबुडे धरतात आणि सांधा पावासारखा जाळीदार होतो. म्हणून तिनं घर मंद आचेवर तापवलं, तेल अंगावर आलं ते पुसलं, परत तापवलं, परत पुसलं. असं नऊ वेळा.

"अजून एकदा," पाठीमागून आवाज आला.

"निघालं सगळं."

"वास येतोय."

तिला येत नव्हता. तरी तिनं दहाव्यांदा तापवलं, आणि तडीच्या टोकाशी तेलाचा एक पिवळा थेंब उभा राहिला. मिस्त्री हात पाठीमागे बांधून परत स्टुलाकडे गेले.

मग तिनं घराच्या अंगात शिरलेल्या तडीच्या शेवटाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे पळत नाही. कडा उतरत्या घासल्या. साबणाची वडी घेऊन एक रेघ ओढली. साबण करपून तपकिरी झाला की आच बरोबर. काळा झाला की उशीर झाला. रेघ तपकिरी होताच तिनं तडीवर ज्योत धरली, वितळती सळई भरत सांधा एका दमात टोकापर्यंत नेला, आणि सगळं घर गरम राखेत पुरून ठेवलं. बुधवारी सकाळी काढलं, घासलं, चुंबक चढवलं, पट्टी काढली. हातानं फिरवलं. निळी, जाड ठिणगी पडली.

"पडली का?" माडीवरून आत्या.

"पडली."

दाराशी चाव्यांचं मशीन क्षणभर बंद झालं आणि परत सुरू झालं.

दुपारी ती एकटीच पंपघरात गेली. पंपकाकानं ताडपत्री काढली. इंजिन उंटाएवढं, चंदेरी, डोक्यापासून पायापर्यंत एकाच रंगात न्हालेलं. तिनं मॅग्नेटो बैठकीवर बसवला, चार बोल्ट आवळले, दोघांनी मिळून मोठं चाक फिरवलं. काही नाही. प्लग काढून पाहिला, तार बदलली, परत फिरवलं. मुका. मॅग्नेटो काढून तिथल्याच लाकडी पेटीवर ठेवून फिरवला, तर ठिणगी. बैठकीवर ठेवला, तर मुका. थेट तीस वर्षांपूर्वीसारखं.

पंपकाका फार काही बोलला नाही. "मी तेव्हाच सांगितलं होतं," एवढंच म्हणाला, आणि तेही हळूच. त्याला आनंद झालेला दिसत नव्हता. पण तिला त्या क्षणी त्याच्या डोक्यात पाना घालावासा वाटला.

घरी तिनं सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही पडली नाही. तिनं रिकाम्या हातानं परत यावं आणि जेवताना ताटाकडे बघत बसावं, यावरून दोन म्हाताऱ्या माणसांना जे कळायचं ते कळलं. मिस्त्री म्हणाले, "माझ्या सांध्यामुळे तुझ्या सांध्याला बट्टा लागला." हे ते इतक्या सरळ आवाजात म्हणाले की तिनं हातातला घास परत ताटात ठेवला. आपला हात गेलेला आहे हे तर त्यांनी केव्हाच मान्य केलं होतं. आता लेकीचा हातही आपणच घालवला, असं त्यांना वाटत होतं.

गुरुवारी सकाळी आत्या कधी नव्हे ते जिना उतरून खाली आली. भावाच्या पुढ्यात उभी राहिली. "तीस वर्षं हात बांधून ठेवलेत. पाय तर मोकळे आहेत ना? जा तिच्याबरोबर. ती एकटी त्या पंपवाल्याचं तोंड बघणार का?"

"मी जाऊन काय करू?"

"उभा राहा. त्यात तुझा हात कुणी धरलेला नाही."

मिस्त्री गेले. तीस वर्षांनी पंपघरात पाऊल टाकलं, खिडकीपाशी जाऊन हात पाठीमागे बांधून उभे राहिले. पंपकाका दुसऱ्या खिडकीपाशी. मध्ये इंजिन.

लेकीनं ठरवलं होतं, आज सगळं मुळापासून तपासायचं. तिनं मॅग्नेटोचे बोल्ट काढले आणि तो तसाच बैठकीवर ठेवून ती चाकामागच्या फटीत शिरली. मॅग्नेटो फिरवणारी साखळी एका हातानं ताणून धरली, म्हणजे दात सरकणार नाहीत. दुसऱ्या हातात पाना. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की मॅग्नेटो आधी बाजूला करायला हवा होता.

"बाबा, तो उचला तेवढा."

मिस्त्रींचे हात पाठीमागेच राहिले.

"बाबा, इथे व्हाइस नाही. साखळी सुटली तर माझी बोटं जातील. उचला."

मिस्त्रींचे हात सुटले. ते पुढे आले. म्हातारपणानं त्या हातांत जोर राहिला नव्हता, बरणीचं झाकणही लेक उघडून द्यायची. त्यांनी मॅग्नेटो दोन्ही बाजूंनी धरला आणि उचलला. तो हलला नाही. परत उचलला.

"नाही उचलवत माझ्याच्यानं," ते म्हणाले. "जड झालाय."

"वय झालं, मिस्त्री," पंपकाका खिडकीतून म्हणाला. तीस वर्षांत त्यांच्याशी बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य.

लेक साखळी इंचाइंचानं सैल सोडत कशीबशी फटीतून बाहेर आली, एका हिसक्यासरशी मॅग्नेटो उचलला आणि पेटीवर ठेवला. "एवढा काही जड नाही, बाबा." आणि परत फटीकडे वळली.

मिस्त्री पेटीपाशी उभे राहिले. एवढंही आपल्याला उचलवू नये, याचं त्यांना वाईट वाटलं असावं. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी पेटीवरचा मॅग्नेटो हळूच उचलून पाहिला. तो आला वर. सहज आला. त्यांनी तो छातीशी धरून चार पावलं नेला, बैठकीवर ठेवला, आणि उचलला. नाही आला. सरकवला तर सरकला. उचलला तर नाही. परत पेटीवर नेला. आला.

"बाबा, काय चाललंय?"

"तिथे हलका आहे," मिस्त्री म्हणाले, "इथे जड आहे."

ती काहीतरी फटकन बोलणार होती. पण तेवढ्यात तिला उमगलं. तिच्या हातांत जोर होता, ती नेहमी हिसक्यानं उचलायची. वजन आणि ओढ यांतला फरक तिच्या हातांना कधी कळलाच नव्हता. तो कळायला म्हातारे, दमलेले हात लागले.

मिस्त्रींनी खिशातून चाव्यांची बारीक कानस काढली. बैठकीच्या कडेला, रंगावर, तीनदा ओढली. चंदेरी रंगाचे थर गेले, त्याखाली तांबडी भुकटी, आणि त्याखाली काळा धातू.

"झोपेची पट्टी," ते म्हणाले.

मॅग्नेटोच्या पोटाखाली, चुंबकाच्या दोन पायांना जोडून, अर्धा इंच जाडीचं लोखंड तीस वर्षं बसलेलं होतं. टेबलावर चुंबक जागं असायचं. इंजिनावर नेऊन ठेवलं की त्याच्या जोराला खालून सोपी वाट मिळायची आणि ते झोपून जायचं. सांध्याचा काही संबंधच नव्हता. या बापलेकीच्या घरात मॅग्नेटोखाली लोखंड ठेवण्याचा विचार कुणाच्या स्वप्नातही आला नसता, आणि म्हणूनच दुसऱ्याच्या बैठकीकडे त्यांनी कधी संशयानं पाहिलं नाही. इतकं टोकाचं शहाणपण नसतं, तर पहिल्याच दिवशी बैठक खरवडून पाहिली असती.

"ही बैठक कुणी केली?" लेकीनं विचारलं.

पंपकाकाचा चेहरा पांढरा पडला होता. "मीच करून घेतली. लोहाराकडून. मूळची तुटली होती ना, ॲल्युमिनियमची. म्हटलं, आता अशी करू की परत तुटायला नको." तो जवळ आला, खरवडलेल्या जागेवर त्यानं अंगठा फिरवला. "मजबूत म्हणून केली. वर रंग पण मीच दिला. दरवर्षी देतो."

तो पेटीवर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मिस्त्री," तो म्हणाला, "मी सगळ्या वस्तीला सांगत फिरलो."

लेकीला वाटलं, आता ते रागावतील, आणि त्यांनी रागवावंच असं तिला मनापासून वाटत होतं. तिच्याजवळ तीस वर्षांचं साठलेलं होतं. पण मिस्त्री आपल्या दोन्ही हातांकडे बघत होते. उलटे करून, सुलटे करून, कुणाला तरी हरवलेलं सामान परत मिळाल्यासारखे.

"आज गुरुवार," ते म्हणाले. "शुक्रवार, शनिवार हातात आहेत. जुने ॲल्युमिनियमचे पिस्टन किती आहेत आपल्याकडे?"

"पोतंभर," लेक म्हणाली.

"बैठक काढ. हीच साच्याला वापरू. धातू थंड होताना आकसतो, म्हणून सगळीकडून जाड पुठ्ठ्याचा एक थर चढवायचा. मी चढवतो."

मी चढवतो, हे शब्द तिनं त्यांच्या तोंडून शेवटचे कधी ऐकले होते, तिला आठवेना.

शुक्रवारी चाव्यांचं मशीन बंद राहिलं. दोन गिऱ्हाइकं परत गेली. मिस्त्री अंगणात पाटावर बसून साच्याची रेती चाळत होते. मुठीत दाबून, मूठ उघडून, रेतीवर बोटांचे ठसे उमटतात का बघत होते. पंपकाका बोलावल्याशिवाय आला आणि भट्टीचा भाता धरून बसला. आत्यानं माडीवरून त्याला सकाळभर इतकं झोडपलं, की शेवटी मिस्त्रीच म्हणाले, "बास कर, भाता मंद होतोय त्याचा."

"मंद तर तो पहिल्यापासूनच आहे," आत्या म्हणाली, आणि चहाचे तीन कप पाठवले.

पहिली बैठक फसली. रेती जराशी ओली राहिली होती, धातू ओतताच वाफ उसळली आणि मधोमध खड्डा पडला. लेकीनं बापाकडे चोरून पाहिलं. तीस वर्षांपूर्वी अशा एका खड्ड्यावरून या माणसानं हात बांधून घेतले असते. मिस्त्रींनी खड्ड्यात बोट घालून पाहिलं, म्हणाले, "रेती माझीच ओली होती. वितळव परत," आणि नवी रेती चाळायला घेतली. तिच्या दृष्टीनं लढाई तिथेच जिंकलेली होती, इंजिन चालो न चालो.

शनिवारी दुपारी दुसरी बैठक साच्यातून निघाली. भरीव, राखाडी, वाजवली तर गोल आवाजाची. मिस्त्रींनी ती तासली, भोकं लेकीनं पाडली. लोखंडी बोल्ट लावायचेच नाहीत म्हणून मिस्त्रींनी पितळी सळईतून चार बोल्ट कातले. पितळ त्यांच्या हाताला सवयीचं होतं. तीस वर्षांच्या चाव्या वाया गेल्या नाहीत, असं ते स्वतःच म्हणाले.

रविवारी सकाळी पंपघरात पन्नासेक माणसं जमली होती. साहेबबाई तरुण होत्या, हातात वही, पायात मळके बूट. पंपकाकानं त्यांना थांबवलं. टोपी काढली.

"चालू करण्याआधी एक सांगायचंय," तो म्हणाला, आणि मोठ्यानं म्हणाला, मागच्या माणसाला ऐकू जावं म्हणून. "तीस वर्षांपूर्वी हे इंजिन मिस्त्रींच्या सांध्यामुळे बंद पडलं असं मी सगळ्यांना सांगितलं. ते माझ्या बैठकीमुळे पडलं होतं. मिस्त्रींचा सांधा पहिल्या दिवसापासून पक्का होता." मग त्यानं टोपी घातली आणि चाकाला हात घातला.

पहिल्या फेऱ्याला काही नाही. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन खोकलं आणि थांबलं. गर्दीत कुणीतरी हसलं. लेकीनं मॅग्नेटोच्या ठिणगीची वेळ साखळीच्या एका दातानं मागे घेतली, बापाकडे पाहिलं. मिस्त्रींनी मान हलवली. ते स्वतः चाकाशी आले, पंपकाकाच्या शेजारी, दोन्ही हात आऱ्यांवर. त्यांच्या जोरानं काही फरक पडणार नव्हता. तरी त्यांनी जोर लावला.

तिसऱ्या फेऱ्याला इंजिन बोललं. एक ठोका, मग दुसरा, मग चाक हातातून निसटून स्वतःच फिरायला लागलं, आणि दोघं म्हातारे एकमेकांना धरून मागे सरले. खिडक्यांच्या काचा वाजायला लागल्या. फरशी पायाखाली थरथरत होती, मॅग्नेटो थरथरत होता, आणि सांधे दोन्ही जागच्या जागी होते. मिनिटाभरानं बाहेरच्या हौदात जाड नळातून आधी गढूळ, मग स्वच्छ पाणी कोसळायला लागलं. लोक बाहेर धावले. आत्या अंगणात खुर्चीवर बसली होती, तिच्या अंगावर तुषार उडाले, आणि ती रडत होती हे त्यामुळे कुणाला कळलं नाही.

साहेबबाई आतच राहिल्या. त्या मॅग्नेटोपाशी वाकून बघत होत्या. "हे चौकात जाणार नाही," त्या इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या. "इथेच राहील." मग त्यांनी बोटानं घराचा पाय दाखवला. "इथे नवीन काम दिसतंय. सुरेख आहे. पण त्याच्या वरच्या बाजूला अजून एक सांधा आहे ना? मला तर आधी दिसलाच नाही. तो कुणाचा?"

लेक बोलणार होती. मिस्त्रींनी तिला हातानं थांबवलं, आणि तोच हात पुढे करून थरथरत्या घरावर ठेवला.

"तो माझा," ते म्हणाले. "खालचा हिचा."